मी तुला नापास केलं

मुक्काम नारिन

लाडक्या आसिल,

हे पत्र मी तुला पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते.

परवा बिश्केकहून तुझा फोन आला. "ताई, नर्सिंगची प्रवेशपरीक्षा पास झाले गं! बेचाळिसाव्या वर्षी!" मी तेव्हा मांडीवर नातू घेऊन आईला मटणाचा रस्सा भरवत होते. "छान," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

सत्तेचाळीस वर्षांत मी सून झाले, आई झाले, आजीही झाले. पोरं मॉस्कोला कामाला गेली, बाळ माझ्याकडे ठेवून. आणि तू या वयात दप्तर घेऊन निघालीस! माझा नुसता जळफळाट झाला.

आईनं विचारलं, "काय म्हणते आसिल?"

"नापास झाली," मी म्हणाले.

आई शांतपणे म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा बसेल. तूही बस तिच्याबरोबर. बाळाला माझ्या कुशीत टाकून जात जा."

मला रडू फुटलं. "आई, खोटं बोलले मी. ती पास झालीय."

आईनं रश्श्याची वाटी बाजूला सारली. "अरेच्चा! मग तुला एकटीलाच बसावं लागणार."

तुझी जळकुकडी ताई,
बुरुल