कूलर मुलासाठी हवाय

१२ मे, सोमवार

आज पुन्हा बंद पडला! शेवटचं वळण, माझी गाडी दुसऱ्या नंबरावर — आणि स्क्रीन काळी. कॅबिनेटला हात लावला तर तवा. बाहेर लूचे तापलेले वारे, आत हा.

बंगळूरला नोकरीला जाताना अंशुल त्याचा गेमिंग कॉम्प्युटर इथेच ठेवून गेला. "आई, भजनं लावत जा." लावली की! मग एक दिवस ती मोटारींची शर्यत उघडली आणि आता रोज दुपारी तेच. एकसष्ट वर्षांची बाई. जन्मभर मुलींना गणित शिकवलेली. इथे लिहितानासुद्धा लाज वाटते.

शेजारच्या सुधाताई भजनी मंडळासाठी हाक मारायला आल्या. "विजयाबाई, चला नं!" म्हटलं, डोकं दुखतंय. हेडफोन उशीखाली होता.

१४ मे

व्हिडिओ बघून शोध लावला. प्रोसेसर फार तापतो, म्हणून स्वतःला वाचवायला बंद होतो. मूळचा पंखा चिमुकला आहे. पंख्याचा मोठा कूलर लावावा तर कॅबिनेटचं झाकण बसणार नाही — फुटपट्टीनं मोजलं. दोन पंख्यांचा लिक्विड कूलर? वर जागा नाही, पुढे नाही. मागे मात्र एका पंख्याची जागा आहे. म्हणजे एकशेवीस मिलिमीटरचा छोटा लिक्विड कूलर. पाणी नळ्यांतून फिरतं आणि गरमी मागून बाहेर जाते. बस!

किती दिवसांनी एखादं गणित सुटल्याचा आनंद झाला.

१५ मे

सिटी सेंटरला कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. काउंटरवर कोण? हर्षिता! घरच्या शिकवणीत अंशुलच्या शेजारी बसणारी. वाकून नमस्कार केला. "मॅम, आप यहाँ?"

तोंडातून निघूनच गेलं — "बेटे के लिए कूलर चाहिए. छुट्टी पर आया है."

तिनं दोन दाखवले. एक रंगीत दिव्यांचा, एक साधा, काळा. "अंशुल को तो लाइटवाला पसंद आएगा." मलाही तोच आवडला! पण त्याचा पंप गुणगुणतो, आणि सुधाताईंची भिंत आमच्या भिंतीला लागून. साध्याचा आवाज नाही, नळ्या लांब, वॉरंटी जास्त. साधाच घेतला.

"सॉकेट कौन-सा है, पूछ लीजिए उससे." प्रोसेसर बसतो त्या खाचेचा नंबर मी फटकन सांगितला. मग जीभ चावली — "उसने बताया था."

खोटं बोलायची सवय नाही म्हणावं, तर केवढं सुरळीत जमलं.

१६ मे

बसवला! मी! एकटीनं! सांगायला कुणी नाही.

१७ मे

दोन मिनिटांत बंद. आधीपेक्षा वाईट. पंप तर फिरतोय, नळीला हात लावून पाहिलं. मालच खराब दिला. मला बघून खपवला.

१९ मे, सोमवार

काय केलं मी आज.

कूलर काढून दुकानात नेला. गर्दी होती. वर्गातला आवाज लावला — "बुजुर्ग समझकर कुछ भी पकड़ा देते हो?" हर्षिताचा चेहरा उतरला. मालक दिग्विजयसिंह आतून आले. "माताजी, देख तो लें पहले."

"इनके बेटे का है," म्हणत हर्षितानं कूलर उलटा केला. तांब्याच्या चकतीवर प्लास्टिकची पारदर्शक पन्नी, तशीच. प्रोसेसरची गरमी चकतीत उतरावी म्हणून लावलेली माझी पेस्ट पन्नीवर. कडेला लाल अक्षरांत लिहिलेलं — लावण्याआधी काढा.

मागची मुलं हसली. दिग्विजयसिंहही हसले, "बेटे ने पन्नी ही नहीं निकाली! इंजीनियर है ना?"

तेव्हाच सांगायचं होतं. मी म्हटलं, "हाँ, लापरवाह है."

लापरवाह! ह्यांच्या आजारपणात गोळ्यांच्या वेळा ज्यानं एकदाही चुकवल्या नाहीत, तो! स्वतःची फजिती त्याच्या माथी मारली. चार अनोळखी लोक त्याला हसले आणि मी उभी राहून ऐकलं.

हर्षितानं चकती पुसली, नवी पेस्ट हातात दिली. माझ्याकडे बघितलं नाही.

२० मे

पन्नी काढून बसवला. थंडगार चालतोय. खेळले नाही. हात गेला नाही.

२१ मे

खरं सांगायला दुकानात गेले. वाटेभर वाक्य घोकलं — बेटे ने नहीं, मैंने लगाया था, खेलती भी मैं ही हूँ. हर्षिता एकटीच होती. ह्याहून बरी वेळ कुठली मिळणार होती?

"मॅम, अंशुल का चल गया?"

"हाँ."

नको असलेली एक केबल घेतली आणि बाहेर पडले. महाराज बाड्याच्या चौकात रिक्षातून उतरून उन्हात उगाच चालत राहिले. मुलींना म्हणायची, उत्तर चुकलं तर चुकलं, पण दुसऱ्याचं बघून लिहू नका. केवढी मोठी मॅम!

२३ मे, शुक्रवार

अंशुलचा फोन. "आई, मी सुट्टीवर आलोय म्हणे! हर्षिताचा मेसेज होता, पन्नी विसरलास म्हणून चिडवत होती. मी म्हटलं, हो, विसरलो."

"तू का हो म्हणालास?" मी विचारलं.

"अगं, त्या खेळात तू माझ्याच नावाच्या खात्यावर खेळतेस. रोज दुपारी माझ्या फोनवर दिसतं, गाडी सुरू झाली. म्हणजे आई बरी आहे. मध्ये काही दिवस ती दिसेनाच. फोन केला तर तू म्हणालीस, ठीक आहे. बाबा गेले तेव्हाही तू 'ठीक आहे'च म्हणाली होतीस. घाबरून तिकीट काढलं."

"आता रद्द कर," म्हटलं.

"नाही करत. येतोय."