झोपेत वाढणारी साखर

ती. साडूभाऊंना मनापासून नमस्कार,

तुमची दाढ आता कशी आहे? ताईंचा खोकला बसला का? आमचं म्हणाल तर दोघंही ठणठणीत, असं लिहिणार होतो. पण मग पत्राला काही कारणच उरलं नसतं.

तुम्हाला ठाऊकच आहे, आम्हा नवराबायकोला टाइप टूचा मधुमेह बरोबरच निघाला (स्वभाव जुळायला निम्मं आयुष्य गेलं, आजार मात्र लगेच जुळला). डॉक्टरीणबाईंनी दोघांना दंडावर लावायला साखर मोजणारी एकेक चकती दिली आणि फोनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता घालून दिली. म्हणाल्या, एकाला भात बाधतो, दुसऱ्याला बटाटा. ही तुमचं शरीर शिकेल आणि फक्त तुमच्यापुरता सल्ला देईल. मला भरूनच आलं. माझ्याकडे इतकं बारकाईनं आजवर कुणी बघितलं नव्हतं.

आता माझी दुपार कशी असते सांगतो. बांधायला आलेल्या पुस्तकांना खळ लावून झाली, जेवण झालं, की मी पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याला टेकतो. मागच्या खोलीत हिची शिलाई मशीन पडद्यांवरून धावत असते, खिडकीतलं ऊन फरशीवरून हळूहळू सरकतं, आणि मी त्या आवाजावर तरंगत कुठल्या कुठे जातो. स्वप्नात पांढरीशुभ्र वाळू असते. चाखावी तर साखर! जाग येते तर फोनवर साखर चढलेली, आणि खाली प्रश्न: आपण काही गोड घेतलंत का? आता खोटं कसं बोलणार? घेतलं तर होतं, पण स्वप्नात. तसं लिहून कळवलं. ‘नोंद घेतली’, असं उत्तर आलं. रोज हेच. शेवटी त्या बुद्धीनं माझी डुलकीच बंद केली आणि जेवल्यावर चालायला लावलं. चाललो, तर रस्ताभर जागेपणी तीच वाळू, आणि साखर पुन्हा वर! मग जेवण इतकं कमी केलं की चपला पायांत घालतानाही गरगरायचं.

आणि परवा दुपारी फोन किंचाळायला लागला: साखर धोकादायक खाली, ताबडतोब गोड घ्या. मी सरबत प्यालो. आकडा खाली. आणखी प्यालो. आणखी खाली. म्हटलं, संपलं आपलं. मरताना निदान हिचा निरोप घ्यावा म्हणून मागच्या खोलीत गेलो, तर ही मशीनवर डोकं टेकून, घामानं चिंब, जीभ जड. पडदे पुरे करण्याच्या नादात गोळी घेतली होती, जेवण राहिलं होतं. उरलेलं सरबत हिला घोटघोट पाजलं. हिचं डोकं खांद्यावर घेऊन बसून राहिलो, साडूभाऊ. तेवढ्यात खिशातून फोन मला म्हणाला, ‘छान! तुमची साखर सावरते आहे.’

तेव्हा उजेड पडला. सारखे फोन, सारखी कव्हरं. चकत्या फोनला जोडताना अदलाबदल झाली होती. इतके दिवस ती बुद्धी हिचं शरीर शिकत होती आणि उपास मी करत होतो! मी घोरायला लागलो, नाहीतर चालायला बाहेर पडलो, की ही दोन चमचे साखरेचा चहा आणि बिस्किटं घ्यायची, आणि हिचा फोन शाबासकी द्यायचा. डॉक्टरीणबाई आधी रागावल्या, मग हसल्या, मग सगळं नीट जोडून दिलं आणि हिची गोळीही बदलली. आता सगळं ज्याचं त्याला. काळजी नसावी.

तुमचा,
साडू

ता. क. खरं कारण आता लिहितो. माझ्या फोनवर हिचा आकडा दिसत नाही, तर दुपारी झोपच लागत नाही. उठून उठून मागच्या खोलीत डोकावून येतो. दोघांचे आकडे एकाच फोनवर दिसायची काही युक्ती असेल तर कळवा. हिला मात्र बोलू नका. म्हणेल, माझ्या चहावर पहारा ठेवताय.

ता. क. २ पाकीट चिकटवत होतो, तर ही मागून म्हणाली, ‘‘भावोजींनाच लिहिताय ना? मग विचारा, मी फोनवर विचारलं होतं त्याचं काय झालं?’’

‘‘काय विचारलं होतंस?’’

‘‘तुमचा आकडा माझ्या फोनवर परत कसा आणायचा ते. तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं मी त्यांना.’’