गवंड्याचं रिकामं घर

३ ऑक्टोबर

चि. पिल्लूस अनेक आशीर्वाद.

आठवतं, आई ओढ्यावर कपडे धुवायची आणि आपण दगड उलटे करायचो? वाळूचे कण चिकटवून पेराएवढी नळी बांधून राहणारा किडा सापडायचा. तू त्याला गवंडी म्हणायचास. त्याला घराबाहेर ओढलंस म्हणून मी तुझा कान पिळला होता.

काल तोच चपटा दगड उलटा केला. गवंडी नाही, तीन शेपट्यांचे किडेही नाहीत. पाण्यावर घसरत हिंडणारे तेवढे मजेत आहेत. वरवर राहणाऱ्यांचं कधी काय बिघडतं?

तुमच्या कारखान्याचा गंधकाचा धूर ढगात जातो आणि आंबट पाऊस होऊन या डोंगरावर पडतो, हे प्रयोगशाळेच्या साहेबाला मी काय सांगावं? वहिनी इथे येऊन चार दिवस झाले. ती म्हणते, वीस तारखेला तू ‘ओढा निरोगी’ असा दाखला देणार. हात जरा आवर.

लोभ आहेच, तो आंबू देऊ नकोस.

तुझी ताई

८ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

पत्र पोचलं, कानही दुखला. या वयात दगड कसले उचलतेस? गुडघ्यांची तरी दया कर. पाणी आरशासारखं आहे, तळाचा खडा न् खडा दिसतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही नमुना घेतो. पाऊस असला तर पुढे ढकलतो, कारण गढूळ पाणी यंत्राला चालत नाही. वर्षभराचे आकडे उत्तम आहेत. चार किडे रुसले म्हणून सहाशे माणसांच्या पोटावर पाय देऊ?

हिला लवकर पाठव, चहा माझा मला करावा लागतोय. किड्यांइतका लोभ भावावरही ठेव.

तुझा पिल्लू

१३ ऑक्टोबर

चि. पिल्लूस आशीर्वाद, दुसऱ्या कानालाही.

पाऊस आला की नमुना पुढे! म्हणजे चोर येऊन जाईपर्यंत रखवालदाराला सुट्टी. आंबट पाणी येतं तेच पावसात. दोन दिवसांत वाहून जातं, पण तेवढ्यात कोवळ्या किड्यांचा निकाल लागतो. मग तुझी बाटली येते, तेव्हा पाणी अगदी सोज्वळ. आणि आरशाचं म्हणशील, तर राहणारे गेले की घर स्वच्छच दिसतं रे.

कारखाना बंद करा असं मी कुठे म्हटलं? धूर धुणारं यंत्र तीन वर्षं खोक्यात पडलंय, वहिनीनेच सांगितलं. ते बसवा.

परवाच्या पावसात छत्री उलटी होईपर्यंत उभी राहून तीन बाटल्या भरल्या. वहिनी उद्या निघतेय, दोन तिच्या पिशवीत आहेत. एक तुझ्या यंत्राला पाज, सोमवार नसला तरी. दुसरी मालकांच्या टेबलावर ठेव. तिसरी इथल्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना दिली आहे, म्हणजे वाटेत तुझ्या दोन्ही फुटल्या तरी काळजी नको. चहाची भुकटी तुला. लहानपणी शाळेतल्या सिस्टरनी मला बक्षीस दिलेली पेन्सिलपेटी तुझ्या नातीला. तिच्यात कापसावर गवंड्याचं रिकामं घर ठेवलंय. आत राहणारा कुठे गेला, असं ती विचारील. तिला उत्तर तू दे, आणि मगच सहीचं पेन उघड.

ताई