बारीक अक्षरातलं नाव

तासगाव,
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

ति. राहीआक्कास,
धाकट्या नाथाजीचा नमस्कार.

इकडं बाग ठीक. छाटणी वेळेवर झाली, घड चांगले निघालेत, फवारण्या चालू आहेत. दीपमाला लेकीच्या बाळंतपणाला साताऱ्याला गेलीय. काल फोनवर तू विचारलंस, "आवाज का असा रं?" मी म्हणालो, धुरळा. धुरळा नव्हता.

मी जी घ्यायचो, तिला तुम्ही सगळे 'पायाची गोळी' म्हणता. गोळी नव्हे, कॅप्सूल. पाकिटावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. खरं नाव खाली, बारीक अक्षरात: ड्युलॉक्सेटिन. आठवी शिकलोय, पण भावकीतल्या फवारणीच्या बाटल्या मीच वाचून देतो. माझं पाकीट वाचणार नाही? साखरेनं पायाच्या नसांची आग होते, त्यावर ती चालते. खरं आहे. साखर मला आहेच. पण तिचा वर्ग नैराश्यावरच्या औषधांचा, आणि सांगलीच्या डॉक्टरांनी ती मला त्याच कामासाठी दिली होती.

आक्का, माझ्या पायांची आग कधी झालीच नाही.

'वेड्याची गोळी' ऐकायला नको म्हणून पाय पुढं केले. तू कुंडलहून तेल पाठवलंस, तेही चोळून घेतलं. दिवाळीत दीपमाला म्हणाली, "आवं, आता तरातरा चालताय की. कशाला गिळताय उगं?" पाय तर मुळात बरेच होते. बंद केली. अशी एकदम तोडायची नसते, हेही आतल्या कागदावर होतं. वाचूनही तोडली.

आता घास उतरत नाही. वेलीकडं बघवत नाही. फवारणीच्या औषधांच्या खोलीची किल्ली माझ्या करगोट्याला असते, आणि हात सारखा तिथंच जातोय. आज सकाळी कुलूप काढलं, उंबऱ्यात उभा राहिलो, परत लावलं. पुढचं लिहवत नाही. तू समज.

चिठ्ठी ज्ञानू दूधवाल्याच्या हाती देतोय, फोनवर तोंडातून निघालं नसतं. भाऊजींना घेऊन लगेच नीघ. मला सांगलीला डॉक्टरांकडं ने, आणि तिथं कुणी विचारलं तर पाय म्हणू नकोस.

आल्यावर चहापाणी, ख्यालीखुशाली नको. दारातच हात पुढं कर आणि किल्ली माग. मागितलीस तर देईन. आपणहून मात्र माझ्याच्यानं देववणार नाही.

ओट्यावर बसून तुझी वाट बघणारा,
नाथा