टम्म फुगलेले डबे

चि. धाकट्यास दादाचे आशीर्वाद.

मी मजेत आहे. डबाबंद भाजीचा कारखाना जोरात चाललाय. बंद डबे वाफेवर शिजवायच्या भट्टीचं काम मी नुसतं बघून शिकलो, हे तुला ठाऊकच आहे.

आईने कळवलंय, आपल्या वाटाण्याचे मी पाठवलेले डबे कसे टम्म भरलेत, पाहुणे आले की उघडू. अरे, भरल्याने डबा फुगत नाही! झाकण आत दबलेलंच हवं. वर आलं, की वाफ कमी पडली आणि आत विष धरलं समज. वास येत नाही, चवही बिघडत नाही. इथे मुकादम म्हणतो, "फुगलेली झाकणं दाबून बसवा आणि गाडीत भरा."

आई म्हणेल, "अन्न टाकतोस?" ऐकू नकोस. खोल पुरून टाक, गुरांनाही घालू नकोस.

टपालाला उशीर होईल म्हणून पत्र ट्रकवाल्याच्या हाती देतोय. पाहुणे अजून आले नाहीत ना? आईची तब्येत कशी आहे ते त्याच्याच हाती लिहून पाठव. तो थांबेल.

तुझा,
दादा