बर्फाच्या कप्प्यातली खीर

॥ श्री ॥

बोळिंज,
ता. ७ ऑगस्ट १९५७

चि. सौ. शांता हिस,

रेफ्रिजरेटर नीट चालू असल्याचे ह्यांनी एकनाथभावजींना कार्डाने तेव्हाच कळवले आहे. पण तो आमच्याकडे पाठवायची सूचना तुझी होती असे समजले, म्हणून तुला वेगळी पोच देते. आले ते असे: रॉकेलवर चालणारे पांढरे कपाट एक, उजव्या अंगाला पोचा, जास्तीच्या वाती दोन, बर्फाचे साचे दोन, पैकी एक वाकलेला. विरार स्टेशनापासून बळीरामाची बैलगाडी तीन रुपये, उतरवायला चार माणसे, त्यांचे मिळून दोन. रॉकेल आठवड्याला दोन रुपयांच्या वर जाते. बळीराम कपाटाभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "वैनी, ह्याच्यात मानूस उभा ऱ्हाईल की! कोनाला ठेवताव?"

सासूबाईंचे गुडघे पावसामुळे धरले आहेत, बाकी ठीक. वाडीत पाणी साठून केळीची चार झाडे पडली. तुमची अनु पहिलीत गेली, पाढे म्हणते, असे भावजी सांगत होते. ऐकून बरे वाटले.

भावजी कपाटाबरोबर आले तेव्हा म्हणाले, "साहेब विलायतेला निघाला, स्वस्तात दिलं. आमच्या दोन खोल्यांत ठेवायचं कुठे? शांता म्हणाली, मोठ्या वहिनींकडे पाठवा, त्यांना शिळं टाकवत नाही." ते हसले, मीही हसले. नंतर बरेच दिवस मी विचार करत होते, की हे तू कोणत्या सुरात म्हणाली असशील. विचारत नाही. तुला तो सूर लावायचा हक्क आहे.

कपाटाची गंमत सांगते. बुडाशी रॉकेलची टाकी, तिच्यावर वात, आणि ती वात रात्रंदिवस जळत राहिली तर वरच्या कप्प्यात बर्फ होतो. ह्यांना अजून पटत नाही. "विस्तव लावून गारठा करायचा, म्हणजे इंग्रजाची उलटीच तऱ्हा," म्हणतात. पण होतो खरा. उरलेले बिरडे मी त्या कप्प्यात ठेवले, तर दुसऱ्या दिवशी डाव आत शिरेना. आठ दिवसांनी काढून गरम केले, चव आजच्यासारखी. मला तर घबाड मिळाल्यासारखे झाले. आषाढभर उरलेसुरले सगळे वर. सासूबाई म्हणू लागल्या, "अगो, आता ताजं कधी खायचं आम्ही? आधी कपाटाला नैवेद्य, मग आम्हाला!"

मग श्रावण आला, आणि शिळासप्तमी. आपल्याकडचा नेम तुला माहीत आहे. सगळे रांधप षष्ठीला, आणि सप्तमीला घरात विस्तव नाही. चुलीला हळदकुंकू वाहायचे आणि गार अन्न जेवायचे. षष्ठीला मी बिरडे, भोपळ्याच्या घाऱ्या, अळू केले, आणि तांदळाची खीर केली दोन शेर दुधाची. खीर जरा जास्तच झाली. अर्धी उद्यासाठी फडताळात ठेवली, अर्धी कपाटाच्या वरच्या कप्प्यात. संध्याकाळी चूल सारवली, शेगडीतले निखारे विझवले. तेवढ्यात सासूबाईंनी ओट्यावरून कपाटाकडे बोट केले.

"आणि ते बुडाशी पेटलंय ते?"

मी म्हटले, "आई, ती वात आहे. त्याच्यावर काही शिजत नाही."

"देवापुढे समई असते ती देवाची. ही कुणाची?"

भावजींनी बजावले होते की वात विझू देऊ नका. पण नेम तो नेम. देवीच्या दिवशी घरात विस्तव ठेवून मी काय हळदकुंकू वाहणार? मी फुंकर घातली. अष्टमीला सकाळी आंघोळ करून पुन्हा पेटवली. मधली रात्र, सबंध दिवस आणि आणखी एक रात्र ते कपाट नुसते कपाट होते. वरचा बर्फ वितळून खाली फरशीवर आला होता, तो पुसला. दोन दिवसांत सगळे पुन्हा दगडासारखे झाले. वरून बघितले तर कोणी म्हणणार नाही की मध्ये काही घडले.

दशमीला धोंडूबाई वाडीतला चिखल काढायला आली. ती अजून येते, नातीला घेऊन येते. तीन वर्षांची पोर, अंगाने बेताची, तुळशीपाशी बसून असते. म्हटले, पोरीला खीर द्यावी. कप्प्यातले भांडे काढले, पाण्यात ठेवून सुटी केली, चुलीवर ठेवली. पोर वाटी घेऊन उंबऱ्याशी येऊन बसली. वाफ वर आली, आणि मला वास आला.

फार नाही. आंबूस, जरासा. साखर आणि वेलची पुढे, आणि त्यांच्या मागे तो.

शांता, मी भांडे हातात धरून उभी राहिले. मनात काय आले ते लिहिते. आले की आणखी एक उकळी दिली तर जाईल. आले की दोन शेर दुधातली अर्धी, म्हणजे शेरभर दूध. आले की ह्या पोरी काही नाजूक नसतात. हे सगळे माझ्या मनात आले, आणि सकाळीच मी पोथी वाचून उठले होते.

मी बाहेर गेले आणि खीर केळीच्या बुंध्याशी ओतली. धोंडूबाई कुदळ टाकून धावली. "वैनी, अवो फेकता कशाला? आमाला चालतं!" मी म्हटले, "नाही चालत." पोर रडायला लागली. तिला गूळखोबरे दिले, तरी वाटी सोडीना. धोंडूबाईला वाटले असेल, पोरीला द्यायचे जिवावर आले म्हणून ओतली. वाटू दे.

इथवर लिहून पत्र दोन दिवस पेटीत ठेवले होते. आज पुढे लिहिते.

हा वास मला पहिल्यांदा आला नव्हता. चार वर्षांपूर्वी, वैशाखात, तू आणि भावजी आगाशीला लग्नाला गेला होता आणि अनुला माझ्यापाशी ठेवले होते. अडीच वर्षांची होती. अक्षयतृतीयेची शेवयांची खीर आदल्या दिवसापासून उरलेली होती. झाकण काढले तेव्हा असाच वास आला होता. मी ती उकळली. वर साखर घातली, वेलची जास्त घातली. आणि मांडीवर घेऊन तिला भरवली. तिने दोन वाट्या खाल्ल्या, "काकू, आणखी," म्हणाली. मी स्वतः खाल्ली नाही. ह्यांनाही वाढली नाही. म्हणजे मला माहीत होते.

संध्याकाळी तुम्ही परत आलात तोवर तिला उलट्या सुरू झाल्या होत्या. विरारला डॉक्टरांकडे गाडीतून नेताना तिची मान तुझ्या खांद्यावर कशी पडली होती, ते मी मागे बसून पाहत होते. डॉक्टरांनी विचारले, काय खाल्ले? मी म्हटले, "वरणभात." सासूबाई म्हणाल्या, "सकाळी हिनं पोरीला वाडीतली जांभळं दिली, कच्चीपक्की." तू म्हणालीस, "दोनच दिली होती हो, दोनच." त्या तुला बोलत राहिल्या आणि तू माझ्याकडे पाहिलेस, की मी तरी काही म्हणेन. मी अनुचे पाय चेपत बसले.

अकरा दिवस पोर अंथरुणात होती. देवाने ती ठेवली. त्या अकरा दिवसांत मी अकरा वेळा बोलायला उठले असेन. ती बरी झाली तेव्हा वाटले, आता बोलून काय. ज्येष्ठात तुम्ही मुंबईला बिऱ्हाड केले, तेव्हा लोक म्हणाले, धाकटीला सासू सोसवली नाही. तेही मी ऐकून घेतले.

भावजी मागच्या गणपतीला एकटेच आले, तेव्हा बोलता बोलता म्हणाले, की शांता अजून अनुला रस्त्यावरचे फळ घेऊ देत नाही, जांभळाचे दिवस आले की गप्प होते. ते ऐकून मी मोदकांना उकड काढायला आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले. तुझ्या मनात चार वर्षे जे आहे ते तुझे नाही, शांता. ते माझे आहे. जांभळांनी काही झाले नव्हते.

परवा हे मी सासूबाईंना सांगितले. वाती वळत होत्या. हातातली वात पुरी केली. मग म्हणाल्या, "मला बोलू दिलंस." मी म्हटले, "हो." "माझ्या तोंडून त्या पोरीच्या आईला बोल लावलेस, आणि माझ्यासमोर बसून नेम करत राहिलीस." त्या दिवसापासून माझ्या हातचे जेवतात, पण हाक मारत नाहीत. ह्यांनाही सांगितले. ते म्हणाले, "मी एकनाथाला लिहू?" मी म्हटले, नको, हे शांतेला माझ्या हातूनच कळले पाहिजे.

देवीनेच माझ्याकडून ती वात विझवून घेतली, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले की माझे काम फार सोपे होईल. वात मी विझवली, आणि वैशाखात खीर मी उकळली.

माफी मागते, पण ती दिलीच पाहिजेस असे नाही. गणपती तीन आठवड्यांवर आले आहेत. या असे लिहायला मला तोंड नाही. सासूबाई ह्यांच्याकडून तुला वेगळे पत्र लिहवून घेणार आहेत, त्यात त्या बोलावतील. तू आलीस तर स्वयंपाक तू कर, अनुला तू वाढ, मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. आली नाहीस तरी एवढे कर: हे पत्र भावजींना वाचून दाखव, आणि अनु मोठी होईल तेव्हा तिलाही सांग, की आईने काही चुकीचे खाऊ घातले नव्हते.

उलट टपाली दोन ओळी पाठव. रागाच्या असल्या तरी चालतील. पत्र तुझ्या हाती पडले आणि तू ते शेवटपर्यंत वाचलेस, एवढे कळले तरी पुरे.

मी वयाने मोठी, मानाने मोठी जाऊ. पण ह्या वेळी आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. तुला नमस्कार करते.

सरला