नंबर नसलेली निळी गाडी

१४ नोव्हेंबर २००६, आर्णी

आले एकदाची सासरी! निकाह झाला तेव्हा परीक्षेमुळे दोन दिवसच राहिले होते. आज पेटी, पुस्तकं, शिलाई मशीन, सगळं घेऊन आले. घर लहान, पण हवेशीर. मागच्या अंगणात सासऱ्यांचं, म्हणजे अब्बांचं, जीप दुरुस्तीचं काम. यंदा कापसाचं काही खरं नाही, म्हणून गाड्याही दुरुस्तीला येत नाहीत. त्यामुळे माझ्या नवऱ्यानं, अफरोजनं, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून गेम पार्लर काढलंय. माहेरी यवतमाळला माझ्या भावाचा सायबर कॅफे. लाटण्याच्या आधी माऊस हातात आला, असं मी सांगितलं तर अफरोज हसतच सुटला. सासूबाई, म्हणजे अम्मी, खेड्यातल्या. कमी बोलतात. पण माझ्या ताटात दुसऱ्यांदा रस्सा त्यांनीच वाढला.

१७ नोव्हेंबर

कोणते गेम ठेवायचे नि कोणते काढायचे ते ठरवायचं काम माझ्याकडे आलंय. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा एकेक खेळून बघते. आज गाड्यांच्या शर्यतीचा. अमेरिकेतल्या जाडजूड गाड्या, अंड्याच्या आकाराचा ट्रॅक, गोल गोल फिरायचं.

चांगलं काय? आवाज. स्टूलसुद्धा थरथरतं. पुढच्या गाडीला चिकटून पळालं की वारा अडतो आणि आपली गाडी ओढल्यासारखी सुटते, हे तर फारच झकास. धडक बसली की पत्रा खरोखर चेंबतो. वाईट काय? जन्मभर डावीकडेच वळायचं! दुसऱ्या गाड्या अगदी बिनडोक. आपण आतली बाजू अडवली की बाहेरून यायचं त्यांना सुचतच नाही. आणि प्रेक्षकांना चेहरेच नाहीत, नुसते ठिपके. तरी ठेवण्यासारखा गेम आहे. मी दोनदा पहिली आले.

२१ नोव्हेंबर

त्या गेममध्ये एक निळी गाडी आहे. बाकी सगळ्यांच्या दारावर मोठाले नंबर, हिच्यावर नाही. सुरुवातीच्या रांगेत नसते, मध्येच आरशात दिसते. ही मात्र बाहेरून येते. आज शेजारून गेली तेव्हा तिच्या समोरच्या जाळीत पांढरं काहीतरी अडकलेलं दिसलं. मी गेम थांबवून बघितलं. कापूस होता.

अफरोजला सांगितलं. त्यानं आधी पडदा बंद केला. मग म्हणाला, ती सीडी साजिदची. साजिद त्याचा धाकटा भाऊ, गेल्या हंगामात गेला, एवढंच मला माहीत होतं. कसा गेला ते आज कळलं. कापूस भरलेली मेटॅडोर घेऊन तो यवतमाळच्या खरेदी केंद्रावर निघाला होता. तिथली रांग लांबच लांब, म्हणून आधी पोचायची घाई. पुलाच्या वळणावर दुसऱ्या गाडीला ओलांडायला गेला आणि खाली कोसळला. मेटॅडोर निळीच होती. अम्मींसमोर तो गेम लावू नकोस, असं अफरोज म्हणाला.

२४ नोव्हेंबर

अम्मी आपणहून आल्या. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "लाव, बेटी. मले पाहू दे."

मला नाही म्हणता आलं नाही. निळी गाडी आली. एरवी भरधाव जाणारी, आज माझ्या बरोबरीनं हळू चालली. अम्मींनी पडद्याला हात लावला.

"तुह्यासाठीच थांबते तो. एकटाच फिरून राह्यला. त्याले कोनाची सोबत नाही."

त्या रडत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या, बाजारात कापड पारखतात तशा.

२८ नोव्हेंबर

भारनियमन. गल्लीत कुठेच वीज नाही. पंखा बंद, बाकीचे पडदे काळे. शर्यत मात्र चालू आहे. मी प्लग काढून हातात धरला. तरी चालू.

२ डिसेंबर

अफरोज सकाळी जीप घेऊन यवतमाळला गेला, सामान आणायला. मी गेमकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. अम्मींनी हाक मारली. ट्रॅकवर जीप होती. या गेममध्ये जीप नाहीच. आमचीच ती, मागच्या ताडपत्रीला अब्बांनी लावलेलं ठिगळसुद्धा दिसत होतं. निळी गाडी तिच्या मागे.

मी मध्ये घुसले. आतली बाजू अडवली. ती बाहेरून आली. तिला भिंतीकडे रेटत राहिले. तरी तिनं आत शिरून जीपला एकदा घासलंच — मग जीप पुढे निघून गेली.

अफरोज दुपारी आला. जीपची डावी बाजू टोकापासून टोकापर्यंत खरवडलेली. तो म्हणतो, जवळ एकही गाडी नव्हती. अब्बांनी ओरखड्यात बोट फिरवलं. बोटाला कापसाचे तंतू लागले.

३ डिसेंबर

अफरोजनं सीडी मोडून चुलीत टाकली. अम्मींनी त्याच चुलीवर शिरा केला. मला पहिला घास भरवला. म्हणाल्या, "सीडी कायले पाह्यजे आता त्याले? रस्ता दिसला ना."

रात्रभर झोप नाही. माहेरी जायचं म्हटलं. अफरोज म्हणाला, दोन दिवस थांब, मीच सोडतो.

५ डिसेंबर

सकाळपासून अम्मींच्या छातीत कळ. डॉक्टर म्हणाले, यवतमाळला न्या. मी येणार नव्हते. अम्मींनी मनगट धरलं, सोडेचनात —

जीपमध्ये लिहितेय. अक्षर हलतंय. अफरोज चालवतोय, मी शेजारी, अम्मी मागे. लख्ख ऊन. बाभळींना कापूस लटकलेला —

कळ थांबली म्हणतात. उठून बसल्यात.

मागे निळं काहीतरी. अफरोजला दाखवलं. त्याला दिसत नाही. रस्ता मोकळा आहे म्हणतो —

जवळ आली. डावीकडून. कच्च्यावरून. धूळ उडत नाही —

माझ्या बाजूला आलीय. माझ्या. चालवणाऱ्याला चेहरा नाही. शेजारची सीट रिकामी — त्या बाजूचं दार उघडं —

अफरोज, थांबव — ऐकत नाही — पूल दिसतोय —

अम्मी पुढे वाकल्या. कानाशी म्हणतात, "जाय, बेटी." त्यांचा हात माझ्या दाराच्या कडीवर —